टी-नट विकत घ्यावा की स्वतः करावा: काही महिन्यांच्या वापरानंतर

लेथच्या कंपाउंड स्लाइडवर (टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या वरच्या भागावर) टूलपोस्ट, म्हणजे टूल धरणारा ठोकळा, आवळून धरणारा उलट्या टीच्या आकाराचा टी-नट दिसायला अगदीच किरकोळ. खाचेत लपलेला असतो, त्यामुळे मशीन घेताना त्याच्याकडे कोणी बघतही नाही. पण कट घेताना टूलवर येणारा सगळा जोर शेवटी त्याच्या, खाचेच्या कडांखाली अडकणाऱ्या, दोन खांद्यांवर जातो. गेले काही महिने माझ्याकडे दोन टी-नट आलटून-पालटून चालू आहेत. एक तयार, विकतचा. दुसरा त्याच लेथवर मी स्वतः केलेला. शिवाय ड्रिल मशीनच्या टेबलावर तयार नटांचा एक संच आहेच.

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो: ड्रिलच्या टेबलाला विकतचे, लेथच्या कंपाउंडला स्वतः केलेला. आता कारणं.

तयार टी-नट डीआयएन ५०८ या जर्मन मानकाच्या मापात येतात. खाचेच्या रुंदीवर सगळं ठरलेलं असतं: १२ मिमीच्या खाचेला एम१० (म्हणजे १० मिमी व्यासाचे आटे), १४ ला एम१२, १८ ला एम१६. माझ्याकडचा १४ चा आहे, त्याचा खालचा रुंद भाग २२ मिमी. काळं फिनिश, कडा व्यवस्थित मारलेल्या, आटे स्वच्छ. स्टड, म्हणजे नटात बसणारा आट्यांचा दांडा, बोटांनी फिरवला तरी शेवटपर्यंत सरळ जातो. काम म्हणून नाव ठेवायला जागा नाही. ड्रिल मशीनच्या टेबलाची खाच १४ च्या प्रमाणित मापाची आहे, तिथे हे नट टाकले, क्लॅम्प लावले आणि विषय संपला. त्यांच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही, आणि अशा भागाची हीच खरी तारीफ.

लेथचं गणित मात्र वेगळं. छोट्या किंवा जुन्या लेथच्या कंपाउंडची खाच प्रमाणित मापाची असेलच असं नाही. माझी तोंडाशी १६ मिमी आहे आणि आत २७. म्हणजे १८ चा नट शिरत नाही आणि १४ चा ढिला बसतो. ‘ढिला तर ढिला, वरून आवळल्यावर जातोय कुठे’ असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. नट बरोबर मध्यावर असला तर खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडांखाली ३-३ मिमी पकड मिळते. पण त्याला मध्यावर ठेवणार कोण? नटाचा गळा, म्हणजे वरचा अरुंद भाग, १४ चा; खाचेचं तोंड १६ चं. नट एका बाजूला सरकला की एका कडेखाली ४ मिमी आणि दुसरीखाली जेमतेम २.

त्यातही पकड किती मिमीची यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. माझ्या खाचेची प्रत्येक कड साडेपाच मिमी बाहेर आलेली आहे. २२ चा नट तिला फक्त टोकाकडे धरतो, मुळाशी पोचतच नाही. टोकाशी जोर लावला की मुळाच्या कोपऱ्यात ताण जास्त येतो. आणि कंपाउंड असतो बिडाचा. बीड जितका दाब सोसतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच ताण सोसतं. पोलादासारखं आधी वाकून इशाराही देत नाही, सरळ टवका निघतो. नट बदलता येतो. कंपाउंडची कड उडाली तर नवीन कंपाउंड शोधत बसायचं.

तयार नटाची दुसरी अडचण त्याच्या आरपार आट्यांची. ड्रिलच्या टेबलावर एरवी यात काही गैर नाही. टूलपोस्टवर मात्र वरचा नट आवळताना स्टडही थोडाथोडा फिरतो, खाली उतरतो आणि एक दिवस खाचेच्या तळाला टेकतो. मग आपण जितकं आवळू तितका स्टड तळाला खाली रेटतो आणि टी-नट कडांना वर उचलतो. म्हणजे खाचेत जॅक लावल्यासारखंच झालं. टूलपोस्ट घट्ट झाल्याचा भास होतो आणि सगळा जोर कडा उखडण्यात जातो. उपाय सोपा आहे: नट उलटा करून खालच्या शेवटच्या आट्यावर सेंटर पंचने दोन-तीन ठिकाणी ठोकायचं, म्हणजे आटे चेपतात आणि स्टड तिथेच अडतो. विकतचा नट लेथवर वापरणार असाल तर हे आधी करा, मग बाकीचं.

आता घरच्या नटाबद्दल. मिलिंग मशीन माझ्याकडे नाही, आणि टी-नट म्हटलं की लोकांना आधी मिलिंगच आठवतं. पण गळा आयताकृतीच हवा असं कोणी सांगितलंय? गोल गळाही तेच काम करतो. नटाला खाचेत फिरू न देण्याचं काम खालचा चौकोनी भाग करतोच. म्हणून २६ मिमी रुंद आणि ४० मिमी लांब असा एमएसचा (नरम पोलादाचा) ठोकळा घेतला, चार जबड्यांच्या फोर-जॉ चकमध्ये धरला, मध्य लावला आणि एकाच सेटिंगमध्ये सगळं उरकलं: तोंड फेस केलं, म्हणजे सपाट कापलं, १०.२ चं भोक पाडलं, टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या ठोकळ्याच्या) आधाराने चक हाताने फिरवत आटे पाडणारा एम१२ चा टॅप चालवला आणि शेवटी बाहेरून गळा १५.७ ला उतरवला.

या पद्धतीतली खरी गंमत शेवटच्या पायरीत आहे. गळा उतरवताना त्याच्या दोन्ही बाजूंचे खांदे एकाच टूलने, एकाच फेऱ्यात कापले जातात. त्यामुळे ते एका पातळीत येतात, आणि भोकाशी काटकोनातही. टी-नटमध्ये अचूकता हवी असेल तर ती इथे. गळ्याची रुंदी दोन-तीन दशांश मिमी इकडेतिकडे झाली तरी चालतं, कारण टूलपोस्टची जागा त्यावर ठरत नाही. पण एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली राहिला तर जवळजवळ सगळा जोर एकाच कडेवर जातो. कानस घेऊन हातानेच हे जुळवायला बसलं की वेळ का जातो ते कळतं.

कट मात्र अडखळत चालतो. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे दर फेरीला टूलवर आदळतात. २६ बाय ४० चा कर्ण जवळजवळ ४८ मिमी भरतो, म्हणून एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला मिनिटाला २५ मीटरच्या हिशेबाने दीडशे-पावणेदोनशे फेरे पुरेत. कार्बाइडची टीप अशा धक्क्यांना चटकन कपची सोडते, एचएसएसच बरं. एका वेळी अर्ध्या मिमीच्या वर कट नको. आणि फिरणारे कोपरे नुसते धूसर दिसतात, दिसेनासेच होतात म्हणा ना; तेव्हा बोटं आणि बाही लांब.

मापात दोन गोष्टी सांभाळल्या. एक, गळ्याचा माथा स्लाइडच्या पृष्ठभागापेक्षा जरा खाली राहिला पाहिजे. तो वर डोकावला तर टूलपोस्ट स्लाइडवर न बसता नटावरच बसतो, आणि मग कितीही आवळा, पकड येत नाही. दुसरी, एम१२ च्या आट्यांभोवती १५.७ च्या गळ्यात दोन मिमीपेक्षाही कमी भिंत उरते. म्हणून खालचा भाग चांगला १० मिमी जाड ठेवला आणि मुख्य भिस्त तिथल्या आट्यांवर टाकली. गळ्यासकट आट्यांची एकूण लांबी स्टडच्या व्यासापेक्षा जास्त भरते, तेवढी पुरते. खाच याहून अरुंद असेल तर गोल गळ्याच्या फंदात पडू नका. टॅप शेवटपर्यंत नेला नाही, त्यामुळे तळाचे एक-दोन आटे अर्धवटच राहिले आणि स्टड आपोआप तिथे अडतो. पंच मारायची गरज पडली नाही.

काही महिन्यांनंतर काय दिसतं? खांद्यांना मार्करची शाई लावून नट बसवला, आवळला, काढला. घरच्या नटावर दोन्ही बाजूंची शाई लांबीभर सारखी गेलेली, प्रत्येकी पाच मिमी रुंद पट्टा. विकतच्यावर एका बाजूला रुंद पट्टा आणि दुसऱ्या बाजूला बारीकशी रेघ. वापरतानाही फरक जाणवतो. पार्टिंग करताना, म्हणजे तुकडा कापून वेगळा करताना, टूलपोस्ट आधी अधूनमधून सूतभर वळायचा, जास्त आवळावं लागायचं. आता तेवढ्याच जोरात निमूट बसतो आणि पाना सोडताना झटकाही लागत नाही.

तक्रारी आहेतच. गोल गळ्याच्या पुढे-मागे खाचेत मोकळी जागा राहते, तिथे चिप्स जाऊन बसतात. टूलपोस्ट सरकवायला गेलं की नट अडकतो. मग ब्रश फिरवा, नाहीतर चुंबक लावा. विकतच्या चौकोनी नटाला हा त्रास फार कमी. दुसरं म्हणजे गंज. घासून चकचकीत केलेला एमएस दमट हवेत आणि कूलंटच्या पाण्याने लगेच ठिपके धरतो. मी तो तापवून तेलात बुडवला, काळपट झाला, त्याने बरंच भागलं. पण कारखान्याच्या फिनिशची सर नाही. नरम पोलाद झिजेल ही भीती मलाही होती. खांद्यांवर नुसती चमक आली आहे, खड्डा नाही. इथे काम दाबून धरण्याचं आहे, घासण्याचं नाही, त्यामुळे कडकपणाची गरजच फारशी नाही.

वेळेचं म्हणाल तर ठोकळा कापण्यापासून शेवटच्या कडा मारेपर्यंत निवांत एक दुपार जाते. लेथ, फोर-जॉ आणि टॅपचा संच हाताशी असेल तरच हा सौदा परवडतो. एका नटासाठी टॅप घेणार असाल तर तो नट स्वस्तात पडला असं स्वतःला समजावू नका. आणि एकाच मापाचे चार-सहा लागणार असतील तर सरळ संच घ्या. दुसऱ्या नटापर्यंत उत्साह टिकतो, चौथ्याला नाही.

हाच न्याय लावून चकची चावी मी विकतचीच ठेवली आहे. तिथे माप अवघड नाही. चौकोनी टोक कोणीही कानसून काढेल. पण तिचा जोर कोपऱ्यांच्या बारीक रेघांवर येतो, आणि नरम एमएसचे कोपरे तिथे गोल होणारच. मग कडक होणारं पोलाद घेऊन ते कडक करणं आलं. लोखंडाचं चुंबकत्व साधारण ७७० अंशांना जातं, त्या खुणेवर अंदाज बांधून तेलात बुडवता येतं. पण नंतर पाणी किती उतरवायचं, म्हणजे पुन्हा तापवून कडकपणा किती कमी करायचा, हे भट्टीशिवाय नेमकं साधत नाही. कमी उतरवलं तर ठिसूळ, जास्त उतरवलं तर पुन्हा नरम. करायचीच असेल तर ईएन२४ टी हे मिश्र पोलाद घ्या. ते कारखान्यातूनच ८५० ते १००० मेगापास्कल ताकदीला आणलेलं मिळतं. कापता येतं आणि पुन्हा तापवावं लागत नाही.

फोर-जॉ नसेल तर हॅकसॉ आणि कानशीनेही टी-नट होतो. भोक आणि आटे आधी करा, ठोकळा अखंड असताना व्हाइसमध्ये धरायला सोपं जातं. खांदे मुद्दाम थोडे जास्त ठेवा, मार्करने शाई लावून खाचेत बसवा, आवळा, काढा आणि जिथली शाई पुसली गेली तिथेच कानस फिरवा. दोन्ही खांद्यांवर शाई सारखी जायला लागली की थांबा. गळ्याच्या बाजू किती सुबक झाल्या ते कोणी बघणार नाही.