भडंग, भाकरी आणि मरगळ: आहार-अ‍ॅप सांगलीच्या ताटाला किती चालतं?

खाल्लेलं नोंदवायचं आहार-अ‍ॅप कॅलरी मोजायला ठीक, पण दुपारी चारला डोळे का मिटतात हे शोधायचं तर थोडी खटपट करावी लागते. शोधात ‘भडंग’ टाकलं की अ‍ॅप साधे चुरमुरे पुढं करू शकतं. ५० ग्रॅम चुरमुऱ्यांचे १८० च्या आसपास कॅलरी. त्यात चमचाभर तेलाचे ४५ आणि २० ग्रॅम शेंगदाण्यांचे ११० कुठंच दिसत नाहीत. त्यामुळं अ‍ॅपमधल्या ‘स्वतःची पाककृती’मध्ये एकदाच वजन करून भरा. भाकरी नगावर मोजू नका, पीठ तोला: ६० ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे सुमारे २०० कॅलरी. घरोघरी भाकरीचा आकार वेगळा!

तरतरीसाठी वेगळा रकाना नसेल तर टिपणात १ ते ५ गुण लिहा, जेवणानंतर दोन तासांनी. रात्री आठवून भरलेले गुण निरुपयोगी. ‘दुपारचं जेवण’ एवढंच न ठेवता घड्याळाची वेळ टाका, शेजारी झोपेचे तास आणि चहाचे कप. हे सुटलं की अपुऱ्या झोपेचं खापर बिचाऱ्या भातावर फुटतं. दोन आठवड्यांच्या नोंदी होईपर्यंत त्यांचा तक्ता बघूच नका. अ‍ॅपचे पैसे भरण्यापूर्वी मात्र नोंदी फाईल म्हणून उतरवून घेता येतात का, तेवढं तपासा.