नोव्हेंबरात बाईकवरून वागातोरला: आंबोली, मुंबई-गोवा हायवे, सागरी रस्ता की गगनबावडा?

दिवाळी झाली की हा प्रश्न सुरू होतोच, मोटोव्हर्सला जायचंय, पुण्याहून निघणार, कुठल्या रस्त्याने जाऊ? मोटोव्हर्स म्हणजे आपलं जुनं रायडर मेनिया, रॉयल एनफिल्डचा बाईकवाल्यांचा मेळावा, 2023 पासून नाव बदललं, जागा तीच गोव्यातल्या वागातोरची हिलटॉप आणि वेळही तीच, नोव्हेंबरच्या शेवटाकडचा शुक्रवार ते रविवार. इंडिया बाईक वीकला जाणाऱ्यांनीही हे वाचायला हरकत नाही, फक्त ती अलीकडे डिसेंबरात असते आणि तिची जागा हलते, 2021 ला तर लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीत झाली होती, त्यामुळे आधी यंदा कुठे आहे ते बघा आणि मग लॉज बुक करा.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. जाण्यासाठी रजा फक्त शुक्रवारची असेल तर आंबोलीने जा, आंबोलीनेच या. गुरुवारही मिळत असेल तर जाताना गगनबावडा उतरून देवगड-मालवण करत जा, येताना आंबोली. पूर्ण सागरी रस्ता अख्खा आठवडा मोकळा असेल तरच. आणि मुंबई-गोवा हायवे पनवेल-ठाणेवाल्यांसाठी ठीक आहे, पुण्याहून त्याच्या वाटेला जायचं मला काही कारण दिसत नाही.

आता सविस्तर.

आंबोलीचा रस्ता साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणीपर्यंत सरळ हायवे, तिथून उत्तूर, आजरा, आंबोली, खाली सावंतवाडी, बांदा आणि म्हापसा. टू-व्हीलरला टोल नाही, नाक्यावर डावीकडची बारीक लेन पकडायची. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर नवले पुलाचा उतार आणि कात्रजची गर्दी ट्रक वाढायच्या आत मागे पडते, खंबाटकी जाताना घाटाने चढायचा (जुना बोगदा येताना लागतो), आणि नाश्ता साताऱ्याच्या पुढे. हायवेच्या सहा पदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत मधूनमधून डायव्हर्जन येतात, तुम्ही नव्वदने चाललेले असता आणि एकदम पिवळा बोर्ड, खडी आणि सर्व्हिस रोड, म्हणून हा पट्टा उजेडातच काढा.

उजेडात काढायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते मुंबईच्या पोरांना माहीतच नसतं. नोव्हेंबर म्हणजे कारखान्यांचा गळीत हंगाम. कराडपासून पार आजऱ्यापर्यंत ऊस भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीला मागचा लाईट नाही, असला तर चिखलाने झाकलेला, आणि ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस हात-दीड हात बाहेर लोंबतोय. समोरून गाडीचा अप्पर लाईट डोळ्यांवर आला की तो ऊस दिसतच नाही, दिसतो तेव्हा तुमच्या खांद्याजवळ असतो. ओव्हरटेक करताना ट्रॉलीपासून एक अख्खी गाडी बसेल एवढं अंतर ठेवा, आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळत असेल तर थांबाच, मागची ट्रॉली कुठे फिरेल हे ड्रायव्हरलाही नीट माहीत नसतं. रस्त्यावर पडलेला उसाचा पालापण घसरतो, वाळलेला असला तरी. अजून एक, याच दिवसांत ऊसदराची आंदोलनं असतात, 2023 ला मोटोव्हर्सच्या आदल्याच दिवशी शिरोलीला पंचगंगेच्या पुलाजवळ हायवे कित्येक तास बंद होता. निघायच्या आदल्या रात्री कोल्हापूरच्या बातम्या बघून घ्या.

पण निपाणी सोडली की या रस्त्याचं सगळं माफ. निपाणी कर्नाटकात, तिथे टाकी फुल करून घ्या, पुढे पंप आहेत पण तुरळक. उत्तूरपासून रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे शेतं, काजूच्या बागा, आजऱ्याला या दिवसांत भात निघालेलं असतं, घनसाळ तांदळाचा वास येतो. आजऱ्याच्या पुढे झाडी सुरू होते आणि हवा एकदम गार. आंबोलीचे धबधबे जुलै-ऑगस्टचे, नोव्हेंबरात धबधब्यासाठी थांबलात तर ओला कडा बघून निघाल, पण वळणं कोरडी असतात आणि बाईकवाल्याला तेच हवं असतं. घाटात सकाळी धुकं आणि तिन्हीसांजेनंतर गवे, दोन्ही टाळायचं तर दुपारी दोन-तीनला आंबोली गाठेल असा हिशोब ठेवा. खाली सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर चहा प्या, तिथून वागातोर दीड-दोन तास, अंधार पडायच्या आत रूमवर.

कोणी सांगेल आंबोली कशाला, बेळगाववरून चोर्ला घाट घे, चार पदरी जास्त मिळतो. मिळतो, खरंय. पण जांबोटी-कणकुंबीचा कर्नाटकातला पट्टा खड्ड्यांसाठी इतका बदनाम आहे की दरवर्षी दुरुस्त झाल्याचं ऐकतो आणि दरवर्षी कोणाचा तरी रिम वाकतो. जंगल मात्र चोर्ल्याचं सरस, हे मान्य. याच आठवड्यात त्या रस्त्याने आलेला कोणी ओळखीचा हो म्हणत असेल तर जा.

मुंबई-गोवा हायवे. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली, कुडाळ, बांदा. सव्वापाचशे तरी होतात, म्हणजे आंबोलीपेक्षा सत्तर-ऐंशी किलोमीटर जास्त. चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं आणि त्यावरचे जोक आता त्या कामापेक्षा जुने वाटतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर रस्ता बराच सुधारलाय, कशेडीला बोगदा झालाय, जुन्या घाटात ट्रकच्या मागे गियर बदलत बसायला लागत नाही, आणि खारेपाटणनंतर सिंधुदुर्गातला काँक्रीटचा रस्ता तर झक्कास आहे. त्रास चिपळूण ते हातखंबा या मधल्या पट्ट्यात, अर्धवट पूल, धूळ, अचानक एकेरी. पण माझा आक्षेप खड्ड्यांवर नाहीच. नवा हायवे गावांच्या डोक्यावरून, नाहीतर बाहेरून जातो, दोन्हीकडे कापलेला जांभा आणि मध्ये दुभाजक, चारशे किलोमीटर कोकणातून जाऊनही कोकण दिसत नाही. काँक्रीटवर दुपारची उष्णता खालून वर येते ती वेगळीच. ज्यांना फक्त पोचायचंय आणि जे नवी मुंबईतून निघतायत त्यांना हाच रस्ता जवळचा, त्यांनी फार विचार करू नये. पुणेकरांना यातलं ताम्हिणीच काय ते बघण्यासारखं, आणि ते तर कुठल्याही रविवारी होतं.

सागरी रस्त्याबद्दल लोक फोटो बघून ठरवतात आणि मग दुसऱ्या दिवशी फोन करतात. रस्ता अप्रतिम आहे यात वाद नाही, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याला जेट्टी (म्हणजे गाड्या खाडीपार नेणारी बोट), पलीकडे वेशवी, केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळला दुसरी जेट्टी, धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड तिसरी जेट्टी, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पुढे देवगड, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. साडेसहाशेच्या वर किलोमीटर, पण किलोमीटरवर जाऊ नका. तासाला तीसचा ॲव्हरेज पडला तर खूप झाला, कारण रस्ता सतत खाडीकडे उतरतो, गावातून जातो, वर सड्यावर चढतो, परत उतरतो. शिवाय नोव्हेंबरात भाताची झोडणी आटपलेली असते, कुठेकुठे अर्ध्या रस्त्यावर पेंढा वाळत घातलेला, त्यावर ब्रेक मारलात की गेलात. गुरं असतात ती वेगळीच. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे धरा, म्हणजे जायलाच चार दिवस.

जेट्टीवर पहिल्यांदा गाडी चढवणाऱ्यांसाठी सांगतो. भरती असली तर रॅम्प जवळजवळ सपाट लागतो, काही प्रश्न नाही. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा जो भाग एरवी पाण्याखाली असतो तो उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं, हिरवं काळपट, लांबून नुसतं ओलं वाटतं. तिथे पुढचा ब्रेक दाबायचा नाही, क्लच दाबून गाडी सोडून द्यायची नाही, पहिल्या गियरमध्ये हळू, दोन्ही पाय टेकवायच्या तयारीत, आणि मागे बसलेल्याला आधीच उतरवून चालत पाठवायचं. बोटीत गेल्यावर गाडी गियरमध्येच साईड स्टँडला लावा आणि तिच्याजवळ उभे राहा, वर जाऊन सेल्फी काढताना बोट डुलली की लगेज भरलेली क्लासिक शेजारच्या ॲक्टिव्हावर झोपते. शेवटची फेरी किती वाजता हे अलीकडच्या गावात चहाच्या टपरीवर विचारून घ्या, ती चुकली तर खाडीला वळसा म्हणजे तास-दोन तासांचं काम.

मग जेट्टी नको, चार दिवस नाहीत, पण समुद्र तर पाहिजे, असं असेल तर गगनबावडा. कोल्हापूरपर्यंत तोच हायवे, तिथून उजवीकडे कळे, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, आणि तिथून देवगड. एकूण वागातोरपर्यंत साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे मुंबई-गोवा हायवेपेक्षा जेमतेम पंचवीस किलोमीटर जास्त आणि दिसतं त्याच्या दहापट. करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी 2024 मध्ये बराच काळ बंद होता, त्यामुळे निघण्याआधी चालू आहे ना हे विचारा, बंद असेल तर गगनबावड्यातूनच भुईबावडा घाट खाली उतरतो, अरुंद आहे पण बाईकला पुरतो. किंवा सरळ राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट धरा आणि कणकवलीला या, तो रस्ता अभयारण्यातून जातो, अंधारात नको.

पहिला मुक्काम देवगड किंवा कुणकेश्वर. हापूस बघायला जाऊ नका, नोव्हेंबरात झाडावर मोहोरही धड नसतो. कुणकेश्वरला संध्याकाळी देवळाच्या बाजूने खाली किनाऱ्यावर बसा, साडेतीनशे किलोमीटर हायवे आणि घाट करून आलेल्या पाठीला तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा. शिरोड्याला मिठागरं आहेत, 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता, रस्त्यावरूनच दिसतं सगळं. पुढे आरोंद्याला पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे तुम्ही गोव्यात, बांद्याचा हायवे लागतच नाही. मालवणात जेवायला थांबलात की तास जातो, जाऊ दे, सुरमई थाळी आणि सोलकढी सोडून पुढे जाण्याएवढं वागातोरला काही वाट बघत नसतं, पहिल्या दिवशी गेटवर रिस्टबँडची रांगच असते.

कोणती बाईक यावर लोक उगाच अडतात. आंबोलीने स्प्लेंडरपण आरामात जाते. गगनबावडा आणि सागरीला मोठी बाईक नाही, चांगले टायर लागतात. स्पोकवाली क्लासिक किंवा बुलेट असेल तर एक स्पेअर ट्यूब जवळ ठेवाच, हायवेला ट्यूब मिळते, हेदवीला रात्री आठ वाजता मिळत नाही. मागे बायको किंवा मित्र असेल तर सागरी रस्त्याचा हट्ट सोडा, पिलियनला वळणं दिसत नाहीत, फक्त त्यांचे धक्के बसतात. आणि सायलेन्सर बदललेला असेल तर घरी ओरिजिनल लावून निघा, गोव्यात रॅलीच्या दिवसांत चौकाचौकात पोलीस असतात आणि त्यांना काय बघायचं ते बरोबर माहीत असतं.

राहायला वागातोर-हणजूणमध्ये त्या आठवड्यात रेट चढलेले असतात. म्हापसा किंवा शिवोलीत राहिलात तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो, खिशाला बराच. फक्त मग रात्री परत गाडी चालवायची आहे हे लक्षात ठेवून बिअर घ्या, नाहीतर घेऊच नका.

परतीला मात्र कुठलाही प्रयोग नको. रविवारी रात्री निघू, सकाळी ऑफिस, असं म्हणणारे ग्रुपमध्ये असतातच, त्यांना निघू द्या, उसाच्या ट्रॉल्या वर सांगितल्यात. सोमवारी पहाटे निघा, टाकी गोव्यातच भरा कारण पेट्रोल तिथे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, आणि बॅगेत बाटल्या असतील तर त्या तिथेच संपवा किंवा कोणाला तरी द्या. गोव्याची दारू परमिटशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, बांद्याच्या पुढे इन्सुलीला एक्साईजचा नाका आहे आणि रॅलीहून येणाऱ्या बाईकच्या सॅडल बॅगा उघडायला ते हमखास लावतात. एकदा दोऱ्या-बंजी सोडवून सगळं लगेज रस्त्यावर काढलं की परत बांधायला अर्धा तास जातो, तेवढ्यात तुम्ही आंबोली चढून गेला असता.