कॅमेरा ठेवायला हवाबंद डबा की ड्राय कॅबिनेट?
लेन्सला बुरशी लागली की आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, आणि ते बाहेरून कितीही पुसलं तरी जात नाहीत. आर्द्रता सतत 60 टक्क्यांच्या वर राहिली की हा धोका आलाच. 40 ते 50 टक्के उत्तम.

एक कॅमेरा आणि दोन लेन्स असतील तर रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. मेख एकच, जेलची आठवण ठेवावी लागते. नारिंगी दाणे हिरवे पडले की त्यांचं पोट भरलं. मग तापवून, सुकवून पुन्हा वापरायचे. (निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असतं, ते मी टाळतो.) माझ्या डब्यातले दाणे एकदा कित्येक महिने हिरवेच पडून होते, हेही कबूल करतो.

ड्राय कॅबिनेट म्हणजे आतली आर्द्रता आपोआप कमी ठेवणारं कपाट. हव्या त्या आर्द्रतेचा आकडा एकदा ठरवून दिला की काम झालं. ते महाग, जागा अडवणारं, शिवाय वीज लागते. पण कॅमेरा रोज काढणाऱ्याने तेच घ्यावं, कारण डबा उघडला की दर वेळी ओली हवा आत शिरते.

कॅमेऱ्याची बॅग मात्र फक्त प्रवासापुरती.