कार्डावर २५६, पोटात ८

आत्याचा एक फोटो माझ्याकडे आहे. वर पांढरे केस, कपाळ, चष्म्याची वरची कड. तिथून खाली सपाट राखाडी रंग. डोळे दिसता दिसता राहिलेत. मी फसले ते नेमकं कुठपासून, ती रेघ या फोटोतून जाते. म्हणून तो अजून पुसलेला नाही.

मला खिशात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा हवा होता. फोनवर फोटो निघतात, व्हिडिओही निघतो, पण ऐन वेळी कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. शिवाय म्हाताऱ्या माणसासमोर फोन धरला की त्यांना वाटतं, ही आपलं ऐकतच नाहीये. आत्या ऐंशीच्या घरात. तिच्या आठवणी तिच्याच आवाजात साठवून ठेवायच्या हे कधीचं मनात होतं. ऑनलाइन शोधताना एक कॅमेरा समोर आला. ४८ मेगापिक्सेल, ४के व्हिडिओ, १६ पट झूम आणि वर २५६ जीबीचं मेमरी कार्ड फुकट. नावाजलेल्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांपुढे किंमत अगदीच किरकोळ. तिथेच पाणी मुरत होतं, पण खाली शेकडो लोकांनी पाच-पाच तारे दिले होते. मी ते अभिप्राय वाचले नाहीत, नुसते मोजले. पुढे वाचले तेव्हा त्यातले कितीतरी मोबाइलच्या कव्हरबद्दल निघाले. जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवायचं, वरचं नाव आणि चित्र तेवढं बदलायचं, आणि आयते तारे नव्या मालाला लावायचे, असा तो धंदा. ‘फोनला घट्ट बसतं, रंग छान’ हे कॅमेऱ्याखाली वाचून हसू आलं, पण फार उशिरा.

पार्सल आलं त्या संध्याकाळी पाच-सहा फोटो काढले, मागच्या पडद्यावर पाहिले आणि खूश झाले. त्या तीन इंचाच्या पडद्यावर काहीही छानच दिसतं.

मग दोन दिवस आत्याकडे गेले. पहिल्या दुपारी ती शाळेतल्या गोष्टी सांगत होती, मधे मधे मी फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी ती खुलली. लग्नाआधीची नोकरी, घरच्यांचा विरोध, माझ्या वडिलांनी तिची बाजू घेऊन केलेलं भांडण. यातलं काहीच मी आधी ऐकलेलं नव्हतं. जवळजवळ तीन तास ती बोलली. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात ‘अजून इतके तास बाकी’ असा आकडा दिसत होता आणि तो नीट कमीही होत होता. उठताना तिने विचारलं, “आलं का गं सगळं त्यात?” मी म्हणाले, “आलं.” एकही क्लिप चालवून पाहिली नव्हती. बॅटरी संपत आली होती आणि ती मला पुढच्या फोटोंसाठी राखायची होती.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं. सुरुवातीचे फोटो उघडले. पहिल्या दुपारचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ उघडला. मग तो राखाडी फोटो आला, आणि त्याच्यानंतरचं काहीच उघडेना. मात्र फायली सगळ्या जागेवर! नाव आहे, तारीख-वेळ आहे, आकार आहे, एकेक व्हिडिओ कित्येक जीबीचा दिसतोय, आणि क्लिक केलं की ‘फाइल उघडता येत नाही’. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं, दुसरा कार्ड रीडर आणला, केबलने थेट कॅमेरा जोडला. तेच.

विक्रेत्याला लिहिलं. पहिलं उत्तर तासाभरात आलं: कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, सगळं ठीक होईल. मी करणारच होते. केलं असतं तर वाचलेला अर्धा तासही गेला असता आणि हातातला पुरावाही. मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दोष आहे, मग आमचा तंत्रज्ञ संपर्क करेल, मग सुट्ट्या आहेत. भाषा अतिशय गोड. शेवटी म्हणाले, अर्धे पैसे परत देतो, तुम्ही परतीची विनंती मागे घ्या आणि पाच तारे द्या. तारे मी दिले नाहीत, पण विनंती मागे घेतली. वस्तू परत करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी मात्र पाहिलंच नव्हतं. त्यानंतर उत्तर नाही, अर्धे पैसेही नाहीत.

खरा उलगडा केला तो कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या एका मैत्रिणीने. तिने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, “अगं, यावर एसडीएचसी लिहिलंय. हे २५६ असूच शकत नाही.” एसडी कार्डांचे प्रकार ठरलेले आहेत. एसडीएचसी म्हणजे जास्तीत जास्त ३२ जीबी. त्यापुढे २ टीबीपर्यंतच्या कार्डांना एसडीएक्ससी म्हणतात आणि तसा शिक्का कार्डावर असतो. म्हणजे खोटेपणा कार्डाच्या तोंडावरच छापलेला होता. गंमत म्हणजे कॅमेऱ्यासोबतच्या चिटुकल्या माहितीपत्रकातही बारीक अक्षरात ‘३२ जीबीपर्यंतचं कार्ड वापरा’ असं होतं, आणि त्याच खोक्यात २५६चं कार्ड!

वाचलेल्या फायली आधी कॉपी करून घेतल्या आणि मग मोकळ्या कार्डावर तिने एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. (तो विंडोजसाठी. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफथ्री नावाचा आहे.) तो कार्ड काय सांगतं यावर विश्वास ठेवत नाही. कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतो. आमच्या कार्डावर ‘व्ही३०’ असा शिक्का होता. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहायलाच हवं. हे नऊच्या आसपास रखडत होतं, त्यामुळे नुसतं भरायलाच आठेक तास लागले. सकाळी निकाल समोर होता: सुमारे ७.४ जीबी ठीक, बाकी सगळं गायब. कॉम्प्युटरच्या मोजणीत ७.४ म्हणजे खोक्यावरच्या भाषेत ८ जीबीचं कार्ड.

युक्ती अशी असते. कार्डात साठवणुकीच्या चिपशिवाय एक छोटी नियंत्रक चिप असते. ‘तुझ्यात जागा किती?’ असं कॅमेऱ्याने विचारलं की उत्तर ती देते. तिलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॅमेरा बिचारा २५६ मानून चालतो. फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, तो भाग खरा असतो, म्हणून नावं, तारखा, आकार सगळं शाबूत दिसतं. आठ जीबी संपले की पुढचा मजकूर स्वीकारल्यासारखं करून कार्ड तो सोडून देतं. काही खोटी कार्डं याहून वाईट वागतात, पुन्हा पहिल्या पानावर येऊन जुन्यावरच नवं लिहितात, म्हणजे आधीचंही जातं. आणि फोटो काढल्यावर जो क्षणभर पडद्यावर दिसतो, तो कॅमेरा स्वतःच्या स्मृतीतून दाखवतो, कार्डावरून वाचून नव्हे. तो दिसला म्हणजे साठवला गेला, असं नाही.

आमचा कॅमेरा मिनिटाला सव्वादोनशे एमबीच्या आसपास व्हिडिओ भरत होता. त्या हिशेबाने आठ जीबी म्हणजे पस्तीसेक मिनिटं. आत्याची शाळा आली. तिची नोकरी, विरोध, भांडण हे सगळं अशा जागेवर लिहिलं गेलं जी कधी नव्हतीच.

यात आणखी एक माणूस हात धुऊन गेला, त्याचं थोडक्यात सांगते. मैत्रिणीकडे जाण्याआधी मी हरवलेला डेटा परत मिळवून देणाऱ्या एकाला गाठलं होतं. त्याने तपासणीचे पैसे आगाऊ घेतले, “बहुतेक सगळं येईल” म्हणाला आणि चार दिवसांनी मला पेन ड्राइव्हवर तेच फोटो दिले जे माझ्याकडे उघडतच होते. पुसलेली फाइल बऱ्याचदा परत मिळते, कारण खाली मजकूर शिल्लक असतो. इथे मजकूर कधी उतरलाच नव्हता. खोट्या कार्डाच्या मर्यादेपलीकडचं कुणीही, कितीही पैसे घेऊन, आणू शकत नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल. कार्ड खोटं निघाल्यावर कॅमेऱ्याकडेही नव्या नजरेने पाहिलं. छापील वर्तमानपत्राचं एक पान भिंतीला चिकटवलं आणि एकाच जागेवरून दोन फोटो काढले, एक ८ मेगापिक्सेलवर आणि एक ४८वर. दुसऱ्याची फाइल कितीतरी मोठी, पण जी बारीक अक्षरं पहिल्यात वाचता येत नव्हती ती दुसऱ्यातही नाहीत. आतला सेन्सर छोटाच. त्याने टिपलेले ठिपके कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने वाढवतो आणि ४८ म्हणून हातात ठेवतो. ४के व्हिडिओची तीच तऱ्हा, फुल एचडीवर जेवढं दिसत होतं त्याच्यापेक्षा एक अक्षर जास्त दिसलं नाही.

झूमची तर कमालच. भिंगाच्या कड्यावर ऐटीत आकडे कोरलेले, पण झूम केलं तरी आत काही हलत नाही, मोटारीचा आवाज नाही. तो सगळा डिजिटल झूम, म्हणजे मधला तुकडा कापून ताणणं. १६ पट करताना रुंदीचा सोळावा आणि उंचीचा सोळावा भाग उरतो, म्हणजे चित्राचा २५६वा भाग. (इथे मात्र २५६ हा आकडा खरा निघाला!) ८० लाख ठिपके धरले तर हातात राहतात ३१ हजार, साधारण २०० गुणिले १५०चं चित्र. खऱ्या ऑप्टिकल झूममध्ये काम भिंगं करतात, ठिपके सगळेच्या सगळे राहतात. वर्णनात ‘१६ पट झूम’ असेल आणि ‘ऑप्टिकल’ हा शब्द कुठेच नसेल, तर तो राहून गेलेला नसतो, मुद्दाम गाळलेला असतो. शटर अर्धं दाबलं की पडद्यावर हिरवी चौकट यायची. तीही शोभेचीच. हात लांब करून धरलेलं पुस्तक आणि समोरची भिंत, काहीही दाखवा, चौकट लगेच हिरवी, आणि पुस्तक दर वेळी धूसर. फोकस एकाच अंतरावर कायमचा बसवलेला होता.

हे सगळं तपासायला मला एक दुपार आणि एक रात्र लागली. मुदत संपायच्या आत ती काढली असती तर वस्तू परत गेली असती. आता कुणी नवं कार्ड घेतलं, मग ते चांगल्या दुकानातलं का असेना, मी आधी त्याच्यावर तो प्रोग्रॅम चालवायला लावते आणि कॅमेऱ्यासोबत ‘फुकट’ आलेलं कार्ड वापरूच देत नाही. विक्रेता अर्धे पैसे देऊ लागला तर ते खात्यात जमा होईपर्यंत तक्रारीला हात लावायचा नाही. आणि त्याच्याशी बोलायचं ते त्या संकेतस्थळावरच्या संदेशांतून. फोनवर बोलणं झालं की ते सिद्ध करता येत नाही. माझं निम्मं बोलणं फोनवर झालं होतं, त्यामुळे मी केलेल्या तक्रारीला अजून तरी फळ आलेलं नाही.

परवा पुन्हा आत्याकडे गेले. कॅमेरा मैत्रिणीचा, कार्ड ३२ जीबीचं, तपासलेलं. म्हटलं, “आत्या, ती नोकरीची गोष्ट परत सांग ना.” तिने सांगितली, पण दहा मिनिटांत आटोपली. भांडणाचा विषय मीच काढला तर म्हणाली, “तसं काही फार नव्हतं गं, होतात घरात कुरबुरी.” मी कॅमेरा बंद केला, मग पुन्हा चालू केला आणि तिच्यासमोरच ती दहा मिनिटं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहिली.