भ्रष्टाचार निर्देशांक: क्रमांकाचा रकाना झाकून वाचा

नागपुरातल्या नंदनवनच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना चालू घडामोडी शिकवते. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेचा भ्रष्टाचार धारणा निर्देशांक दरवर्षी उतरवून घेते. १९९५पासून निघतो, फुकट मिळतो.

बातमी येते ती क्रमांकाची. २०२३ला भारत ९३वा, २०२४ला १८० देशांत ९६वा. पोरं म्हणतात, "मॅडम, तीन पायऱ्या घसरलो." गुण बघा ना! ३९चे ३८ झाले, बस. शंभर म्हणजे एकदम स्वच्छ. एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक देशापुढे गुण किती मागेपुढे असू शकतात ती मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) दिलेली असते आणि एका गुणाचा हा फरक त्या मर्यादेच्या आतच बसतो. हा रकाना दिल्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. तोच पहिल्या पानावर ठेवला असता तर किती बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट मला मनापासून खटकते. या निर्देशांकासाठी लाच कोणी मोजतच नाही. जागतिक बँक, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम वगैरेंच्या १३ पाहण्यांमधून तज्ज्ञांची आणि व्यावसायिकांची मतं घेतात. देशाचे किमान तीन स्रोत असले की सरासरी निघते. तीही फक्त सरकारी क्षेत्राची.

आई गेल्यावर घराच्या आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव चढवायला मी एका कार्यालयात खेटे घालत होते. बाबूनं माझ्याच अर्जाच्या मागे पेन्सिलीनं '२०००' लिहिलं, मी वाचेपर्यंत थांबला आणि खोडरबरानं पुसलं. कागदावर नुसता खरखरीत डाग राहिला. मी पैसे दिले, त्याची बोच अजून आहे. ते दोन हजार या निर्देशांकात कुठेच नाहीत.

त्यासाठी याच संस्थेचा ग्लोबल करप्शन बॅरोमीटर बघा. तो सामान्य माणसालाच विचारतो. २०२०च्या आशियाच्या पाहणीत, वर्षभरात सरकारी सेवा घेतलेल्या भारतीयांपैकी ३९ टक्क्यांनी लाच दिल्याचं सांगितलं. पाहणी झालेल्या १७ देशांत सर्वांत जास्त! आता हे ३९ आणि वरचे ३९ गुण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण पोरं हमखास गल्लत करतात. बॅरोमीटर दरवर्षी येत नाही, ही मोठी उणीव.

निर्देशांकाला पाचपैकी साडेतीन. वर्गासाठी मी सीताबर्डीवरून प्रिंट काढते, क्रमांकाच्या रकान्यावर कोरी पट्टी चिकटवते आणि मगच झेरॉक्स वाटते.