म्हापशातला मानवाधिकारांचा वर्ग: एका थपडेवर पैसे वसूल

शुक्रवारी, म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी, म्हापशात वर्ग ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. स्कूटर लावायलाच अर्धा तास गेला. त्यात झेरॉक्स नोट्सची दोन पानं उलटी.

पण सरांनी शिकवलं फर्मास. युरोपीय मानवाधिकार कराराचं कलम ३ एका वाक्याचं: कुणाचाही छळ नको, अमानुष किंवा मानहानिकारक वागणूक वा शिक्षा नको. अपवाद नाही; युद्ध-आणीबाणीत काही हक्क बाजूला ठेवू देणारं कलम १५ सुद्धा इथे सवलत देत नाही. १९७८ च्या आयर्लंड विरुद्ध ब्रिटन खटल्यात चौकशीत अटकेतल्यांच्या डोक्यावर बुरखा, सततचा गोंगाट, झोपू न देणं, हे सगळं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अमानुष आणि मानहानिकारक म्हटलं, पण ‘छळ’ नाही! इथे मी सरांशी एवढी भांडले की भाजी-पाव गार झाला.

मग बुईद विरुद्ध बेल्जियम, २०१५. पोलीस ठाण्यात दोघा भावांना गालावर मारलेली एकेक थप्पड. आधीच्या पीठाला त्यात कलम ३ चा भंग दिसला नाही, मोठ्या पीठाने मात्र ती मानहानिकारक ठरवली. ‘एक कानफटात दिली तर बिघडलं काय’ म्हणणारे आमच्या घरातही आहेत (सासरे).

फी ६०० रुपये, रास्त. पुढची बॅच रविवारी ठेवलीत तर त्यांनाच घेऊन येते.