बारा वर्षं पडून राहिलेले सायकलचे टायर : नऊ महिने वापरल्यानंतर

२०१३ साली हायब्रिड सायकल घेतली, तेव्हाच टायरची एक जास्तीची जोडी घेऊन ठेवली होती. ७०० बाय ३५ मापाचे, काळे, बाजूला तपकिरी पट्टा. पुढे मुलगी झाली, घर बदललं, सायकल मागे पडली. गेल्या एप्रिलमध्ये कोथरूडच्या घरात आवराआवर करताना ती जोडी हाती लागली. रस्ता एकदाही न पाहिलेली. नव्या टायरवर केसांसारखे रबरी धागे असतात, तेसुद्धा शाबूत. मला वाटलं, नवेच तर आहेत, बसवून टाकू.

एकाच दिवशी घेतलेले हे दोन टायर बारा वर्षं वेगवेगळ्या जागी राहिले होते. एक काळ्या पिशवीत, कपाटाच्या आत. दुसरा गॅलरीत खिळ्याला टांगलेला. कपाटातला हाताला मऊ लागला. गॅलरीतला खिळ्याच्या जागी वाकडा झाला होता आणि नेमक्या त्या वाकावर आडव्या भेगांची रांग होती. टायर उलटा दुमडला तर भेगांतून आतले पांढरे धागे दिसायला लागले. त्याचा विषय तिथेच संपला. रबरावर वरवर केसाएवढ्या रेषा असतील तर विचार करता येतो. धागा दिसला, की टायर बादच. हवेचा सगळा दाब ते धागेच पेलतात, रबर त्यांना फक्त झाकून ठेवतं.

न वापरलेलं रबर खराब कशानं होतं, हे मला सायकलच्या दुकानातल्या काकांनी समजावलं. ऊन आणि उष्णता आहेतच, पण हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला आधी चिरतो. म्हणून भेगा खिळ्याच्या वाकावर. टायरच्या रबरात मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना टायर दबतो-सुटतो तसं ते पृष्ठभागावर येत राहतं आणि ओझोनला अडवतं. पडून असलेल्या टायरला ही मदत मिळत नाही. काळ्या रबरातली काजळी उन्हापासून राखते, तपकिरी पट्ट्यात ती नसते, म्हणून तो भाग आधी तडकतो. मोटारीच्या टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. सायकलच्या टायरवर बहुधा काहीच नसतं, त्यामुळे डोळे आणि बोटं यांवरच भिस्त.

कपाटातला टायर बसवायचं ठरलं. काका म्हणाले, "ताई, संशयाचा टायर पुढे नको. मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा गेला की हँडलच हातात राहत नाही." म्हणून पुढे नवा, मागे हा. टायरच्या कडेतली तार गंजलेली नाही ना, हे आधी बोट फिरवून पाहिलं. सोबतची जुनी ट्यूब वापरली नाही. वॉल्व्हच्या बुडाशी ती चिरली होती. नवी ट्यूब शंखजिऱ्याची पूड लावून घातली. टायरवर हवेचा दाब ५० ते ८५ पीएसआय असा छापलेला होता. ८० भरून सायकल रात्रभर ठेवली. सकाळी चाक फिरवून पाहिलं, कुठे फुगा नाही, डोलत नाही. आणि भेगा बघायच्या त्या अशा हवा भरलेल्या अवस्थेतच. सैल टायरवर त्या मिटून राहतात.

पहिले आठ दिवस घराभोवतीच फिरले. मग खडकवासला, डोणजे. मे अखेरीपर्यंत काहीही तक्रार नव्हती आणि मी मैत्रिणींना छातीठोकपणे सांगत होते की जुने टायर उगाच फेकू नका.

पहिल्या पावसात ते सगळं बदललं. सिंहगड रस्त्यावर ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबला आणि मागचं चाक सरळ बाजूला निघून गेलं. पडले नाही. पुढचा नवा टायर त्याच पट्ट्यावर धरून होता, म्हणून फरक लख्ख कळला. पुढचे दोन आठवडे मुद्दाम लक्ष ठेवलं: ओल्या वळणावर, गटाराच्या ओल्या झाकणावर दर वेळी मागचंच सुटायचं. टायरला भेग नव्हती, नक्षी पूर्ण होती, नख रोवलं तर ठीक वाटायचं. तरी रबराची पकड गेली होती. माझ्या सगळ्या तपासण्या टायर फुटेल का हे सांगत होत्या. धरेल का हे त्यांतल्या एकीनंही सांगितलं नाही. याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इतकं लिहिते आहे.

पावसाळाभर तो काढून ठेवला, ऑक्टोबरात पुन्हा चढवला. आता एकूण साधारण १,४०० किलोमीटर झाले. फुटला नाही, पंक्चर एकदाच, तेही काचेनं. मात्र तपकिरी पट्ट्यावर बारीक रेषा आल्या आहेत आणि डिसेंबरपासून वाढताहेत. हवा ६० वर आणली आहे, दर रविवारी पट्टा तपासते. सिंहगडाच्या उतारावर ही सायकल नेत नाही. उन्हाळ्याआधी काढणार.

श्वाल्बे ही जर्मन कंपनी आपले टायर थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी पाच वर्षांपर्यंत ठेवायला हरकत नाही म्हणते. पुण्यातल्या माळ्यावरचा मे महिना थंड नसतो, तेव्हा मी तरी पाचच्या पुढचा टायर आता पैसे देऊन घेणार नाही.

गॅलरीतला टायर भंगारवाल्याला तसाच दिला नाही. कुणाच्या तरी मुलाच्या सायकलला लागला असता. काकांच्या दुकानात नेऊन दोन्ही तारा कटरनं तोडून घेतल्या, मग दिला.